हवेचं बिल

गेले तीन वीकएंड या विषयावर लिहायचं ठरवतोय आणि दर वेळी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एखादा 'छोटासा' प्रॉडक्शन इश्यू डोकं वर काढतो. आज मात्र लिहूनच उठणार. विषय वाचून नाक मुरडू नका: सांडपाणी! त्यातही सांडपाण्याला दिली जाणारी हवा आणि तिचा साधारण सव्वाशे वर्षांचा इतिहास. हवा फुकट असते असं आपण म्हणतो. पण पाण्यात विरघळलेली हवा अजिबात फुकट नसते, आणि तिची किंमत कोण भरतो यावर नदी जगते की मरते ते ठरतं. एवढं एकच वाक्य मला सांगायचंय, बाकी सगळा तपशील.

सुरुवात आपल्या चेण्यापासून करू. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येताना गायमुख मागे पडलं की डाव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि उजव्या हाताला उल्हास नदीची खाडी, आणि या दोघांच्या मध्ये चेणे. डोंगरातून एक नदी उतरते, पुलाखालून जाते आणि खाडीला मिळते. पावसाळ्यात पुलाजवळ मुंबईकरांची जत्रा भरते ती याच पाण्यासाठी. ते पाणी दगडांवर आपटतं, फेसाळतं, पुन्हा आपटतं, आणि दर आपटीला थोडी हवा गिळतं. पण किती गिळणार? आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे पाण्यातले जीव कायम रेशनवर!

आता या पाण्यात शहराचं सांडपाणी सोडा. त्यातली घाण खायला जिवाणू लागतात आणि ते खाताना ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील त्याचं माप म्हणजे बीओडी. ब्रिटनमध्ये एका रॉयल कमिशनने १९१२ साली हे माप पक्कं केलं आणि तपासणीचे पाच दिवस ठरवले. तिथल्या नद्यांना समुद्र गाठायला फार तर पाच दिवस लागतात, हे त्यामागचं कारण सांगतात. आपल्याकडे उकाडा जास्त, जिवाणू चपळ, म्हणून २७ अंशांना तीन दिवस मोजतात. शहरी सांडपाण्याची बीओडी साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम येते. ८ मावतात आणि २५० हवेत! १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीसाठी या जमाखर्चाचं समीकरण मांडलं. नदी हवेतून ऑक्सिजन घेते किती आणि जिवाणू खर्च करतात किती. खर्च वाढला की नदीचं खातं ओव्हरड्राफ्टमध्ये जातं आणि मासे मरतात. असो.

आमच्या मुंबईने हा प्रश्न सुरुवातीला अगदी साध्या मार्गाने सोडवला: पाणी लांब नेऊन सोडा. १८६४ साली डॉ. लीथ यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल दिला, तेव्हा मैला हलालखोर लोक डोक्यावरून वाहत होते. १८७२ मध्ये पालिकेचे इंजिनिअर मेजर हेक्टर टलॉक यांनी शहराच्या मलनिःसारणावर जाडजूड पुस्तकच काढलं. त्या सगळ्या खटपटीतून गटारं आली आणि वरळीला लव्हग्रोव्हचं पंपिंग आलं. पण शुद्धीकरण? ते समुद्राने करायचं!

पहिला वेगळा प्रयोग झाला तो माटुंग्याला, आणि कुठे, तर कुष्ठरोग्यांच्या आश्रमात. पालिका आयुक्त ऍकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये हा आश्रम सुरू झाला. वडाळ्याचं ऍकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. पाचेक वर्षांनी इंग्लंडमध्ये एक्सेटर गावात डोनाल्ड कॅमेरॉनने बंदिस्त टाकी बांधली, तिला 'सेप्टिक टँक' नाव दिलं आणि तिच्या वायूवर दिवे पेटवले. लगोलग १८९७ मध्ये माटुंग्याच्या आश्रमातल्या टाकीतूनही वायू गोळा करण्याची सोय झाली आणि १९०७ पर्यंत तो इंजिन चालवायला वापरल्याची नोंद आहे. पालिकेच्या ड्रेनेज खात्यातल्या कार्कीट जेम्स यांनी या प्रयोगांवर १९०६ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. म्हणजे समाजाने ज्यांना वाळीत टाकलं त्यांच्या सांडपाण्याने भारताला बायोगॅस दाखवला. शाळेच्या पुस्तकात हे का नाही, देव जाणे.

माटुंग्याच्या टाकीचं वैशिष्ट्य म्हणजे हवा नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू घाण कुजवतात आणि मिथेन सोडतात. वीज लागत नाही, उलट इंधन मिळतं. पण काम हळू चालतं, पाणी पुरतं स्वच्छ होत नाही, अमोनिया तसाच राहतो. मग घाईच्या शहरांसाठी दुसरा रस्ता शोधला गेला. तो सापडला मँचेस्टरला, जिथे मुंबईचा कापूस जायचा.

गिल्बर्ट फाउलर हा तिथला रसायनशास्त्रज्ञ. १९१२ मध्ये तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रात गेला आणि तिथे सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग बघून आला. परतल्यावर त्याने एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना तसंच करून बघायला सांगितलं. या दोघांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली. सगळ्या अमोनियाचं नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. इथे दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी ओतलं. असं पुन्हा पुन्हा. गाळ साठत गेला तसा वेळ कमी होत गेला आणि शेवटी तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागलं. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हा निबंध वाचला आणि गाळाला नाव दिलं 'ऍक्टिव्हेटेड स्लज'. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कॅशे म्हणू. दर वेळी शून्यापासून सुरुवात करायची नाही, तयार झालेले जिवाणू जपून ठेवायचे. आजही जगातली बहुतेक मोठी केंद्रं याच कल्पनेवर चालतात.

आणि गंमत बघा, हा फाउलर १९१६ मध्ये बंगलोरला आला! जमशेदजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये उपयोजित रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून. म्हणजे शोध लागून दोन वर्षं होतात न होतात तोच तो करवून घेणारा माणूस भारतात हजर. इकडे मुंबईत दादरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातही वायू तयार होत होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतले एस. व्ही. देसाई तो बघून गेले आणि शेणावर हेच होईल का याचे प्रयोग त्यांनी सुरू केले. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गावोगावी नेलेला गोबर गॅस तो हाच. आजोळच्या परसातल्या गोबर गॅसच्या टाकीचे पूर्वज दादर-माटुंग्याचे निघतील असं मला तरी वाटलं नव्हतं!

थोडक्यात काय, तर दोन रस्ते. बिनहवेचा रस्ता ऊर्जा देतो पण काम अर्धवट सोडतो. हवेचा रस्ता काम पुरं करतो पण ऊर्जा मागतो. आणि तो मागतो म्हणजे किती? केंद्राच्या एकूण विजेतला निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या हवेवर जातो.

त्यामुळे १९१४ नंतरचा सगळा इतिहास म्हणजे हवा वाया जाऊ न देण्याचा इतिहास आहे. आधी सच्छिद्र फरश्यांतून बुडबुडे सोडले. नेदरलँड्समध्ये १९५४ साली पासवीर यांनी गोल चरात ब्रशसारखं चाक फिरवून पाणी खळबळवलं. आपल्या नागपूरच्या संस्थेने (१९५८ ची सीपीएचईआरआय, १९७४ पासून 'नीरी') हे स्वस्त उपाय भारतीय हवामानात बसवण्यावर बरंच काम केलं. मुंबईत वर्सोवा, भांडुप, घाटकोपरला मोठाले तलाव करून त्यात पृष्ठभागावर घुसळणारी यंत्रं बसवली. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज महागली आणि जग पुन्हा बारीक बुडबुड्यांकडे वळलं. आता सिरॅमिकऐवजी बारीक भोकांचं रबर आलं. तुमच्या सोसायटीचा ऑपरेटर ज्याला 'मेम्ब्रेन डिफ्यूझर' म्हणतो ते हेच. नावात मेम्ब्रेन असलं तरी काम बुडबुडे काढण्याचंच.

बुडबुड्याची मूळ अडचण अशी की त्याला वर जायची घाई असते. चार मीटरची टाकी तो काही सेकंदांत पार करतो आणि पोटातला बहुतेक ऑक्सिजन घेऊन वर फुटतो. स्वच्छ पाण्यात बारीक बुडबुडे मीटरमागे सहा-सात टक्के ऑक्सिजन देतात. साबण, तेल आणि गाळ असलेल्या पाण्यात त्याच्या निम्म्यावर येतात.

एक हिशोब मांडतो. समजा ३०० घरांची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला साधारण १ लाख ६० हजार लिटर सांडपाणी. बीओडी २५० धरली तर ४० किलो घाण, तिला ४५ किलो ऑक्सिजन. शिवाय अमोनियातला साडेपाच किलो नायट्रोजन. त्याच्या दर किलोला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे २५ किलो. एकूण ७० किलो. एवढा ऑक्सिजन ३०० किलो हवेत असतो. पण पाण्यात उतरतो दहा टक्केच, म्हणून हवा लागते तीन टन. दररोज! एका युनिटला सव्वा किलोच्या आसपास ऑक्सिजन पडला आणि युनिट दहा रुपयांना असलं, तर महिन्याला सुमारे १७ हजार रुपये फक्त फुंकण्याचे.

आता मनुष्यस्वभाव. २० हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांना २००६ च्या नियमांनुसार पर्यावरण परवानगी लागते, आणि त्यामुळे बिल्डर तळघरात केंद्र बांधून देतो. पुढे ब्लोअर चालवायचा सोसायटीने. मी राहतो तिथे तो रात्री बंदच असतो आणि तपासणी असली की दिवसभर घुमतो. ऑपरेटर काकांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साहेब, बिल कमिटी बघते. पाणी कोण बघतं?" मला वाटतं या अख्ख्या शास्त्राचा सारांश काकांनी सहा शब्दांत सांगितला. आणि ही गोष्ट एका सोसायटीची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात शहरी सांडपाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर, केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २०,२३५. म्हणजे बांधलेल्या क्षमतेतलीही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वापराविना पडून.

इथे आपल्या कथेत एक उंदीर येतो. खरं तर हॅम्स्टर. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या वॉल्टर रॉब यांनी सिलिकॉनच्या पातळ पडद्याचा पिंजरा केला, त्यात हॅम्स्टर ठेवला आणि पिंजरा माशांच्या टाकीत बुडवला. हॅम्स्टर मजेत! पडद्यातून पाणी आत येत नव्हतं, पण पाण्यातला ऑक्सिजन येत होता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात होता. याच गुणावर त्याच काळात कृत्रिम फुप्फुसं बनली. कोविडच्या बातम्यांत आपण एक्मो ऐकलं ते याच घराण्यातलं.

आता हा पिंजरा उलटा करा. पडद्याच्या आत हवा आणि बाहेर सांडपाणी. १९६० मध्येच शाफर, लुडझॅक आणि एटिंजर या तिघांनी हवा झिरपू देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातून सांडपाण्याला ऑक्सिजन देण्यावर निबंध छापला होता. पापुद्र्यावर जिवाणूंचा थर आपोआप धरत होता. १९८८ च्या सुमारास पियर कोते यांनी बिनबुडबुड्यांच्या हवेवर काम केलं, टिंबरलेक आणि सहकाऱ्यांनी पडद्यावरच्या जिवाणूंचा अभ्यास मांडला. तरी बाजारात यायला अजून पंचवीस वर्षं गेली. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधल्या संशोधनातून २०१३ मध्ये ऑक्सिमेम कंपनी निघाली (२०१९ मध्ये ती ड्यूपाँटने घेतली), इस्राएलमध्ये एमेफ्सी होती, आणि अमेरिकेत इलिनॉयमधल्या यॉर्कव्हिल-ब्रिस्टल इथे २०१७ च्या सुमारास पूर्ण आकाराच्या केंद्रात झीलंग नावाचे पडदे उतरले. या पद्धतीला एमएबीआर म्हणतात.

रचना साधी आहे. शेवयांसारख्या पोकळ धाग्यांची जुडी टाकीत उभी करायची आणि धाग्यांच्या पोटातून अगदी कमी दाबाची हवा फिरवायची. बुडबुडा नाही. धाग्याच्या बाहेर जिवाणूंचा चिकट थर. ते ऑक्सिजन संपवतात तसा आतून नवा झिरपतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बुडबुडा म्हणजे पुश: कुणाला हवं असो नसो, ढकलत राहा. पडदा म्हणजे पुल: ज्याला हवं त्याने, हवं तेवढं ओढून घ्यावं. युनिटमागे सव्वा किलोऐवजी चार किलो ऑक्सिजन धरला (कंपन्या याहून बरेच मोठे आकडे सांगतात, मी हात राखून धरतोय), तर वरच्या सोसायटीचं १७ हजारांचं बिल सव्वापाच हजारांवर येतं.

दुसरा फायदा मला जास्त आवडला. नेहमीच्या थरात अन्न आणि ऑक्सिजन दोन्ही बाहेरून येतात. इथे ऑक्सिजन आतून येतो आणि अन्न बाहेरून. त्यामुळे धाग्याला चिकटून अमोनियाचं नायट्रेट करणारे हवेकरी जिवाणू बसतात, आणि बाहेरच्या बाजूला, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे. म्हणजे मँचेस्टरचा रस्ता आणि माटुंग्याचा अंधार, दोन्ही एका मिलिमीटरच्या आत शेजारी शेजारी!

सगळं गोडच आहे असं नाही. बुडबुडे पाणी ढवळायचंही काम करायचे, ते आता वेगळं करावं लागतं. जिवाणूंचा थर फार जाड झाला तर ऑक्सिजन पलीकडे पोचत नाही, म्हणून अधूनमधून जोराची हवा मारून तो झाडावा लागतो. धाग्यांच्या आत वाफेचं पाणी साचतं. आणि धागे महाग. कमिटीला पुढच्या दहा वर्षांच्या बचतीपेक्षा आजचा चेक मोठा दिसतो.

तरी मीरा-भाईंदरसारख्या शहरासाठी मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. १९८५ मध्ये ग्रामपंचायती जोडून नगरपरिषद झाली, चेणे-वरसावे नंतर आलं, २००२ मध्ये महापालिका. एका बाजूला जंगल, एका बाजूला खाडी, मध्ये मिठागरं आणि खारफुटी. नव्या मोठ्या टाक्यांना जागा आणणार कुठून? इथल्या भुयारी गटार योजनेत एकच मोठं केंद्र न करता ठिकठिकाणी लहान केंद्रं केली आहेत आणि त्यात एमबीबीआर पद्धत आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवायचे. नॉर्वेत १९८० च्या दशकात निघालेली ही पद्धत जागा वाचवते, पण चकत्या फिरत्या ठेवायला बुडबुडे भरपूर लागतात. धाग्यांच्या जुड्या आहे त्याच टाकीत उतरवता येतात, नवं काँक्रीट लागत नाही.

आणि वीज हीच एकमेव किंमत नाही. ब्लोअर बंद राहिला की हवेची टाकी हळूहळू माटुंग्याची टाकी होते. आत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड. फरक एवढाच की माटुंग्याला तो वायू नळीत धरला होता, आणि इथे तो कुणीतरी उतरायची वाट बघतो. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला सोसायटीच्या सांडपाणी केंद्रात तीन सफाई कामगार गेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारला चार. तिथे ब्लोअर चालू होते की नाही हा माझा मुद्दा नाही. मुद्दा हा की माणसाला टाकीत उतरवायची वेळच येऊ नये. हाताने मैला साफ करण्यावरचा कायदा २०१३ चा आहे, आणि हलालखोरांच्या डोक्यावरची टोपली आपण १८६४ पासून उतरवतोय.

धागे हे काम एकटे करणार नाहीत. पण हवा स्वस्त झाली तर ती बंद करण्याचा मोह कमी होईल, एवढं नक्की. आर्डर्न-लॉकेटच्या जिवाणूंनी शंभर वर्षांत कधी रजा मागितलेली नाही. रजेवर जातो तो आपला ब्लोअर. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं भांडण संपलं, की एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या टाकीत रात्री हवा जाते का, आणि युनिटमागे ऑक्सिजन किती पडतो? उत्तर येणार नाही कदाचित. पण प्रश्न मिनिटबुकात तरी नोंदवला जाईल.

पुढच्या वीकएंडला जमलं तर नीरीबद्दल सविस्तर लिहीन. प्रॉडक्शनने कृपा केली तर :)